सरत्या हिवाळ्यातली गारपीट : महाराष्ट्र, फेब्रुवारी-मार्च २०१४

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत निघून जाते, असे आपल्याकडे म्हणतात. २०१४ साली महाशिवरात्र २७ फेब्रुवारीला होती. त्या आठवड्यात आभाळ भरून आले आणि पुढे दोन-अडीच आठवडे, थेट होळीच्या तोंडापर्यंत, महाराष्ट्रात कुठे ना कुठे गारा पडत राहिल्या. कोकणपट्टी बहुतांशी सुटली. बाकी राज्यात, तेव्हाच्या ३५ पैकी २८ जिल्ह्यांत, नुकसानीची नोंद झाली. बाधित क्षेत्राचा आकडा दर बैठकीगणिक वाढत सुमारे १८ लाख हेक्टरांवर गेला. शेजारी मध्य प्रदेशात आणि उत्तर कर्नाटकातही तेच चालले होते.

गारपीट आपल्याला नवी नाही. मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात हिवाळा सरताना एखाद्या तालुक्यात गारा पडतात, चार-सहा गावे झोडपली जातात, पांढऱ्या झालेल्या शिवाराचे फोटो छापून येतात आणि आठवड्याभरात विषय मागे पडतो. २०१४ची गारपीट तशी नव्हती. ती पसरली, आणि पसरून रेंगाळली. एकदा झोडपून गेलेल्या गावावर चार दिवसांनी पुन्हा गारा आल्या, आणि पहिल्या तडाख्यातून जे वाचले होते तेही गेले.

हे प्रकरण दहा-बारा वर्षांनी पुन्हा उघडून बघण्यासारखे आहे. महाराष्ट्रातली शेतीच्या आपत्तीची सगळी यंत्रणा दुष्काळाने घडवली आहे. पैसेवारी (हंगामातल्या पिकाचा सरकारी अंदाज), महसूल मंडळ (काही गावांचा महसुली गट), सरासरी उत्पन्न, टंचाईचे निकष हे सगळे अशा संकटासाठी आहे, जे महिनोन्‌महिने चालत येते आणि आल्यावर अख्ख्या मंडळाला कमीजास्त सारखेच धरते. गारपीट वीस मिनिटांत होते, आणि बांधाच्या अलीकडचे सगळे जाऊन पलीकडचे जसेच्या तसे उभे राहू शकते. एका संकटाचे माप दुसऱ्याला लावले की काय होते, ते २०१४मध्ये ठळकपणे दिसले.

आधीचे साल

नुकसान किती खोल गेले ते कळण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागते. २०१२चा पावसाळा मराठवाड्याला फार वाईट गेला. जालना, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत २०१३च्या उन्हाळ्यापर्यंत टँकर आणि चारा छावण्या चालू होत्या. जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. काहींनी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगवली आणि त्या पाण्याचे कर्ज डोक्यावर घेतले.

मग २०१३चा पावसाळा चांगला झाला. विहिरींना पाणी आले, जमिनीत ओल राहिली, आणि रब्बीला शेतकऱ्याने हात सैल सोडला. हरभऱ्याला चांगले बियाणे आणले, गव्हाला खताचा डोस पुरा दिला, बागेवर फवारण्या चुकवल्या नाहीत. दोन वर्षांचे देणे या एका हंगामावर टाकलेले होते. फेब्रुवारीअखेर पिके जोमात होती, म्हणजे जवळजवळ सगळा खर्च होऊन गेला होता आणि पैसा मात्र अजून रानातच होता. जूनमध्ये पेरणी फसली तर एका बियाण्याचे जाते. फेब्रुवारीत गारा पडल्या की बियाणे, खत, औषध, मजुरी, पाणी आणि वेळ, सगळे एकदम जाते.

आभाळात काय जुळून आले

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण-अफगाणिस्तानवरून येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ आणि पंजाब-हरियाणात पाऊस देतात. एरवी त्यांचा महाराष्ट्राशी संबंध थंडीच्या लाटेपुरता. त्या वर्षी वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा नेहमीपेक्षा दक्षिणेकडे उतरला होता आणि त्यातून थंड, कोरडी हवा मध्य भारतावर येत होती. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून बाष्पाने भरलेले पूर्वेचे वारे खालच्या थरातून आत शिरत होते. दोन्ही प्रवाह मध्य भारतावर आणि महाराष्ट्रावर एकत्र आले. दुपारच्या उन्हाने जमीन तापलेली, खाली दमट, वर थंड. हवा उसळी मारून वर जायला याहून जास्त काही लागत नाही. आणि ही मांडणी एका दिवसात न मोडता पुन्हा पुन्हा जमत राहिली.

उंच वाढलेल्या ढगात तापमान शून्याखाली गेले तरी पाण्याचे बारीक थेंब लगेच गोठत नाहीत, द्रवरूपच राहतात. त्यात बर्फाचा एखादा कण सापडला की हे थेंब त्याला चिकटून गोठू लागतात. वर चढणारा वारा त्या कणाला तोलून धरतो, तो आणखी थेंब गोळा करतो, जड होतो आणि वाऱ्याला पेलेनासा झाला की पडतो. झोत जितका जोरकस, तितकी गार मोठी. खाली येताना ती वितळत येते, म्हणून शून्य अंशाची पातळी जमिनीपासून किती उंच आहे याला महत्त्व. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही पातळी मेपेक्षा खाली असते. मे महिन्यात जी गार वाटेत विरघळून टपोरा थेंब होऊन पडली असती, ती या दिवसांत गार म्हणूनच पोचते.

आकाराचा हिशेबही बघण्यासारखा आहे. गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते, पडण्याचा वेगही वाढतो, आणि आघाताची ऊर्जा साधारण सोळापट होते. हरभऱ्याएवढ्या गारांनी पाने फाटतात. लिंबाएवढी गार ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगाने येते. ती कौल फोडते, डाळिंबाची फांदी सोलते, शेळी मारते. २०१४मध्ये दोन्ही प्रकार झाले. झाडांखाली मेलेले पोपट आणि बगळे, उघड्यावर बसवलेल्या मेंढ्यांचे नुकसान, पत्र्यांची चाळण, कोसळलेले विजेचे खांब. खांब पडले म्हणजे पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे जखमी बागेला वेळेत औषध नाही.

गारांचा पट्टा साधारण काही शे मीटर ते एक-दोन किलोमीटर रुंद असतो आणि ढगाबरोबर काही किलोमीटर लांब ओढला जातो. एका महसूल मंडळात दहा-पंधरा किंवा जास्त गावे असतात. पुढे पंचनाम्यात आणि विम्यात जे झाले त्याचे मूळ या दोन आकारांच्या विसंगतीत आहे.

रानात

कोरडवाहू पट्ट्यात, म्हणजे सोलापूर, उस्मानाबाद, बीड, नगरच्या काही भागात, मालदांडी ज्वारी काढणीला आली होती, काही ठिकाणी काढून पेंढ्या रानात पडल्या होत्या. ज्वारीचा दाणा भिजला की काळा पडतो आणि बाजारात त्याला भाव राहत नाही. दाण्याइतकेच नुकसान कडब्याचे. रब्बी ज्वारी पेरणारा शेतकरी धान्याइतकाच कडब्यासाठी पेरतो, कारण उन्हाळाभर जनावरे त्यावरच असतात. कडबा भिजून कुजला. त्याची किंमत पंचनाम्याच्या कुठल्याही रकान्यात धरली जात नाही. गावात दावणीची जनावरे बाजारात निघू लागली की ती किंमत दिसते.

हरभऱ्याचे घाटे गारांच्या माराने फुटून दाणे मातीत गेले. गहू लोळला, आणि जो उभा राहिला त्याच्या दाण्याची चकाकी गेली. करडईला फारसे कोणी विचारत नाही, पण तीही गेली. विदर्भात, अमरावती-नागपूरच्या संत्रा पट्ट्यात, मृग बहाराची फळे तोडणीला होती आणि आंबिया बहाराची फुले-फळे नुकती धरत होती. एका माराने एकाच झाडाचे दोन बहार गेले. जळगावात केळीची पाने चिरफाळली. पान फाटलेली केळ मरत नाही, पण घड भरत नाही.

कांद्याचे नुकसान जरा उशिरा कळले. पात फाटली, वाढ खुंटली, हे तर झालेच. पण नाशिक-नगर भागात बरेच शेतकरी बियाण्यासाठी डेंगळे (फुलोऱ्याचे दांडे) राखतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांना गोंडे आलेले असतात. ते मोडले की पुढच्या वर्षीच्या बियाण्याचा प्रश्न उभा राहतो. असे शेत पाहणीत ‘कांदा’ एवढेच लिहिले जाते.

सगळ्यात गुंतागुंतीचे प्रकरण द्राक्षाचे, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास होते आणि माल साधारण चार-साडेचार महिन्यांनी तयार होतो. म्हणजे निफाड, दिंडोरी, चांदवडपासून तासगाव, पंढरपूरपर्यंत फेब्रुवारीअखेर आणि मार्च हा ऐन तोडणीचा काळ. तोवर, त्या वेळच्या हिशेबाने, एकरी दीड-दोन लाख खर्च होऊन गेलेला असे. व्यापारी बागेत येऊन किलोचा भाव ठरवतो, थोडा इसार देतो, बाकी पैसे तोडणीनंतर. हा सौदा बहुतेक वेळा तोंडी असतो. गारा पडल्या त्या संध्याकाळी व्यापाऱ्यांचे फोन लागेनासे झाले. ज्यांच्या बागेला गार लागलीच नव्हती, त्यांचेही सौदे ‘वातावरण खराब आहे’ या कारणावर पाडून मागितले गेले. हे नुकसान कोणत्या पंचनाम्यात बसणार?

गार लागलेल्या घडात काही मणी फुटतात, त्यातला रस शेजारच्या मण्यांवर ओघळतो आणि दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. वाचवायचे तर फुटलेले मणी कात्रीने काढून लगेच बुरशीनाशक मारायला हवे. पण निर्यातीची बाग असेल तर तोडणी आठ-दहा दिवसांवर असताना मारलेल्या औषधाचा अंश मण्यांत राहतो, आणि युरोपात तो माल तपासणीत अडकतो. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशावरून भारतीय द्राक्षे युरोपात अडवली गेली होती, तो फटका बागायतदारांच्या डोक्यात ताजा होता. औषध मारले तर निर्यात गेली, नाही मारले तर माल गेला. मधली वाट म्हणजे बेदाणा. पण बेदाण्यालाही धड मणी लागतात, आणि तासगाव-सोलापूर भागात शेडवर वाळत घातलेला मालही त्याच पावसात भिजत होता.

एवढ्यावर भागले असते तरी एका हंगामाचे नुकसान म्हणून सोडता आले असते. गारांनी ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या मुख्य फांद्यांवर) आणि काड्यांवर जखमा केल्या होत्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिच्यानंतर येणाऱ्या नव्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात. वेल अशक्त असेल तर हे डोळे वांझ निघतात. म्हणजे मार्च २०१४च्या गारांचा परिणाम ऑक्टोबर २०१४च्या छाटणीनंतर, बागेत घड कमी निघाले तेव्हा दिसणार. डाळिंबाचेही असेच. सांगोला, पंढरपूर, मालेगाव, सटाणा पट्ट्यात तेल्या रोगाचे जिवाणू आधीपासून होते. हे जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतात आणि जखमेतून आत शिरतात. गारपिटीने जखम आणि शिंतोडे दोन्ही एकदम दिले.

बारामतीजवळच्या माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने आणि कृषी विद्यापीठांनी उपाय सुचवले. मोडलेल्या फांद्या कापा, कापावर बोर्डो पेस्ट लावा, ताम्रयुक्त बुरशीनाशक मारा, झाड सावरेपर्यंत नत्राचा हलका हप्ता द्या. सल्ला शास्त्रशुद्ध होता. अडचण एवढीच की त्याला पुन्हा पैसे लागतात, तेही ज्याच्या हातचा माल कालच गेला त्याच्याकडून.

आणि मजूर. द्राक्षतोडणी, ज्वारीकाढणी, हरभऱ्याची सोंगणी हे वर्षातले सगळ्यात हमखास कामाचे दिवस. काढणीच्या वाट्यावर वर्षभराची ज्वारी घरात आणणाऱ्या बाईच्या नावावर सातबारा नसतो. तिचे काय गेले, हे लिहायला तलाठ्याकडे कागदच नाही.

पंचनामा

गारपीट झाली की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक एकत्र शिवारात जाऊन पंचनामा करतात. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात एका तलाठ्याकडे एका सज्जातली अनेक गावे, शिवाय शेजारच्या रिकाम्या सज्जाचा अतिरिक्त कार्यभार. २८ जिल्ह्यांत एकाच वेळी असे काम निघाले, आणि ते चालू असतानाच दुसऱ्यांदा गारा पडल्या. ज्या गावाचा पंचनामा झाला होता ते पुन्हा करायचे की पुढच्या गावाला जायचे, असा पेच यंत्रणेपुढे होता.

पहिली अडचण निकषाची. तेव्हाच्या नियमानुसार ५० टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच मदत. हा टक्का ठरतो नजर अंदाजाने. दुष्काळात नजर अंदाज फारसा चुकत नाही, कारण सगळे शिवार एकसारखे वाळलेले दिसते. गार लागलेल्या बागेत दुसऱ्या दिवशी गेलात तर घड लटकलेले दिसतात, चार-दोन मणी फुटलेले. कागदावर ३५-४० टक्के येतात. आठवड्याने त्याच बागेत वास सुटलेला असतो आणि नुकसान पूर्ण असते. पाहणी लवकर झाली की शेतकऱ्याचे नुकसान, उशिरा झाली तर वेगळे नुकसान. नेमकी कधी करायची, याबद्दल पिकानुसार स्पष्ट सूचना असायला हवी होती असे मला वाटते.

दुसरी अडचण शेतकऱ्याची. हरभरा अर्धा फुटलाय. उरलेला लगेच काढला तर दोन-चार क्विंटल हाती लागतील. पण रान मोकळे केले की पंचनामा कशाचा करणार? तलाठी येईपर्यंत थांबले तर उरलेलाही कुजणार. अनेकांनी थांबणे पत्करले. नुकसान कमी करण्याची जी काही संधी होती, ती पुरावा राखण्याच्या नियमाने घालवली. मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि रान मोकळे करा, असे लेखी सांगणारा आदेश पहिल्या दिवशी निघाला असता तर खर्च शून्य होता.

तिसरी अडचण सातबाऱ्याची. मदत जमीनमालकाच्या नावावर येते. बटईने किंवा खंडाने रान करणाऱ्याने खर्च केला, त्याचे पीक गेले, आणि धनादेश मालकाच्या खात्यात. काही मालकांनी प्रामाणिकपणे वाटून दिला, काहींनी नाही. शिवाय पीकपेऱ्याची नोंद जुनी असणे हे तर नित्याचेच. रानात द्राक्षबाग आणि सातबाऱ्यावर ज्वारी, म्हणजे मदत ज्वारीच्या दराने.

आचारसंहिता आणि चार हजार कोटी

यात आणखी एक योग असा की ५ मार्च २०१४ला लोकसभा निवडणूक जाहीर झाली आणि त्याच दिवसापासून आचारसंहिता लागली. गारपीट त्याच्या आधी सुरू झाली होती आणि नंतरही चालू होती. आपत्तीतल्या मदतीला आचारसंहिता आडवी येत नाही, पण नवे पॅकेज, वाढीव दर यांसाठी निवडणूक आयोगाची परवानगी लागते. राज्य सरकार आयोगाकडे, आयोग तपशील मागतो, अधिकारी पंचनाम्यात आणि निवडणुकीच्या प्रशिक्षणात एकाच वेळी अडकलेले. राज्यात मतदान १०, १७ आणि २४ एप्रिलला होते. केंद्रात कृषिमंत्री शरद पवार आणि गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे, दोघेही महाराष्ट्राचे, तेही गारपीटग्रस्त भागाशी जवळचा संबंध असलेले. त्यामुळे दौऱ्यांना तोटा नव्हता.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या सरकारने सुमारे ४,००० कोटींचे पॅकेज मंजूर केले. कोरडवाहू पिकांना हेक्टरी १०,००० रुपये, बागायती पिकांना १५,०००, फळबागांना २५,०००, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. त्याशिवाय शेतीपंपांच्या वीजबिलात आणि पीककर्जावरील व्याजात सवलत. केंद्राच्या आपत्ती निधीचे तेव्हाचे दर अनुक्रमे ४,५००, ९,००० आणि १२,००० होते, म्हणजे राज्याने ते दीडपट-दुपटीने वाढवले. सरकारने हात आखडता घेतला असे म्हणता येणार नाही.

तरी एकराचा हिशेब करून बघा. फळबागेला हेक्टरी २५,००० म्हणजे एकरी साधारण दहा हजार. द्राक्षाचा एकरी खर्च दीड-दोन लाख. त्या काळी या रकमेत बागेच्या दोन-चार फवारण्याही धड झाल्या नसत्या. उलट कोरडवाहू हरभऱ्याला एकरी चार हजार मिळाले तर बियाण्या-मशागतीचा बराच भाग निघत होता. म्हणजे या मदतीने छोट्या खर्चाच्या पिकाला थोडाफार आधार दिला आणि मोठ्या खर्चाच्या पिकाला जवळजवळ काहीच नाही. नियमांत या मदतीला निविष्ठा (बियाणे-खत वगैरे) अनुदान म्हणतात, भरपाई नाही. पुन्हा पेरणीसाठी हातभार, एवढाच त्याचा हेतू. हंगामी पिकाला तो लागू पडतो. जी बाग उभारायला दोन-तीन वर्षे गेली तिला ‘पुन्हा पेर’ कसे सांगणार? दुष्काळी तर्क इथेही आडवा आला.

विम्याचा गोंधळ

फळपिकांसाठी हवामानावर आधारित विमा होता. त्याची रचना अशी की मंडळातल्या हवामान केंद्रावर पाऊस, तापमान, आर्द्रता यांचे आकडे ठरावीक मर्यादेबाहेर गेले की भरपाई आपोआप. कुणाच्या बागेत जाऊन बघायची गरज नाही, म्हणून वाद नाही. पण गार मोजायचे यंत्र त्या केंद्रात नसते. केंद्रावर १२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि तीन किलोमीटरवरची बाग गारांनी संपली, तर आकड्यांच्या लेखी त्या दिवशी किरकोळ पाऊस झाला. पुढे २०१७पासून महावेध या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या प्रकल्पातल्या दोन हजारांवर केंद्रांनी मंडळागणिक हवामान मोजायची सोय झाली. तिचा उपयोग मोठा आहे, पण गारांच्या बाबतीत प्रश्न तिथेच राहतो. धान्य पिकांच्या विम्यात मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांची (निवडक शेतांतले पीक कापून केलेल्या मोजणीची) सरासरी धरतात. पंधरांतली तीन गावे गेली आणि बारा गावांत बंपर पीक आले, तर सरासरी ठीकच निघते.

पूर्वसूचनेबद्दलही अपेक्षा बेताची ठेवावी. वादळी पाऊस आणि गारांची शक्यता हवामान खाते एक-दोन दिवस आधी विभागवार सांगू शकते, आणि तेव्हाही कृषी सल्ला पत्रिका आठवड्यातून दोनदा निघत होती. पण कोणत्या शिवारात, हे तासाभराआधी रडारवरच कळते. तेवढ्या वेळात खळ्यावरच्या राशीवर ताडपत्री टाकता येते, जनावरे आत बांधता येतात. उभी बाग उचलून आत नेता येत नाही. त्या दिवसांत काही जण गारविरोधी तोफांची मागणी करू लागले. आवाजाने गार फुटते याला शास्त्रीय आधार नाही, असे जागतिक हवामान संघटनेने स्पष्ट केलेले आहे, त्यामुळे तो खर्च झाला नाही हे बरेच झाले. बागेवर जाळी किंवा प्लॅस्टिकचे आच्छादन हा खरा उपाय. तो एकरी काही लाखांचा आहे, म्हणून अनुदानाशिवाय मोजक्याच बागांवर दिसतो.

पुढे काय झाले

२०१४चा पावसाळा पुन्हा तुटीचा गेला. गारपिटीतून सावरायला खरीप होते, तेही हातचे सुटले. फेब्रुवारी-मार्च २०१५मध्ये पुन्हा गारा आणि अवकाळी पाऊस, यावेळी उत्तर भारतातही, गव्हाच्या पट्ट्यात. मग दिल्लीत हालचाल झाली. एप्रिल २०१५मध्ये ५० टक्क्यांची अट ३३ टक्क्यांवर आणली गेली आणि दर दीडपट झाले : कोरडवाहूला ६,८००, बागायतीला १३,५००, बहुवार्षिक पिकांना १८,०००. महाराष्ट्राने एक वर्ष आधी जे भोगले त्यावर निर्णय व्हायला उत्तर प्रदेश-हरियाणातला गहू भिजावा लागला, अशी कुजबुज तेव्हा झाली होती. ती अगदीच निराधार होती असे मला वाटत नाही.

२०१६मध्ये प्रधानमंत्री पीक विमा योजना आली. गारपिटीला तिने स्थानिक आपत्ती मानले : शेतकऱ्याने सुरुवातीला ४८ तासांत, पुढे ७२ तासांत कळवायचे, आणि मंडळाची सरासरी न बघता त्याच्या शेताची वैयक्तिक पाहणी व्हायची. तत्त्व म्हणून ही २०१४च्या अनुभवावरची सगळ्यात नेमकी दुरुस्ती होती. प्रत्यक्षात मुदतीत फोन न लागणे, ॲप न उघडणे, पाहणी करणारा प्रतिनिधी न येणे हे सगळे झाले, तरी बांधाच्या अलीकडचे आणि पलीकडचे वेगळे असू शकते हे नियमाने मान्य केले. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागला, त्यामुळे सातबाऱ्यावरची जुनी ज्वारी कमी झाली. बटईदाराचा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही.

मार्च २०२३मध्ये पुन्हा गारा पडल्या तेव्हा १४ ते २० मार्च सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर होते. पंचनामे करायला कोणी नव्हते. २०१४ला निवडणूक, २०२३ला संप. कारण दर वेळी वेगळे, पण ज्या आठवड्यात पाहणी व्हायला हवी तो आठवडा दोन्ही वेळा सरकारी कारणाने गेला.

आणि मग २०२५. एक रुपयातली पीक विमा योजना बंद करताना राज्याने त्या खरिपापासून विम्यातून स्थानिक आपत्तीचे संरक्षणही काढून टाकले. बोगस अर्ज आणि वाढता खर्च ही कारणे दिली गेली, आणि बोगस अर्जांचा प्रश्न खरा होता. पण त्या निर्णयाने धान्य पिकांची भरपाई पुन्हा एकाच गोष्टीवर आली : मंडळाचे सरासरी उत्पन्न. पुढच्या फाल्गुनात एखाद्या मंडळात तीन गावांवर गारा पडल्या आणि बारा गावे सुटली, तर त्या तीन गावांतल्या हरभऱ्याला विम्याकडून काय मिळेल, याचा हिशेब वर केलेलाच आहे.